गुणाकार करायचा की भागाकार?

आमच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण असतो. यंदा माणसं नेहमीपेक्षा जास्त येणार होती, म्हणून आदल्या संध्याकाळी सासूबाई प्रसादाचं सामान काढत बसल्या होत्या. शेजारी त्यांची पाचवीतली नात, म्हणजे माझी लेक, वेलदोडे सोलत होती. सासूबाईंनी सहज विचारलं, "सव्वा वाटी रव्याचा प्रसाद दहा जणांना होतो. उद्या चाळीस माणसं आहेत. रवा किती घेऊ गं?"

लेकीनं हातातला वेलदोडा खाली ठेवला आणि विचारलं, "आजी, ह्यात मल्टिप्लाय करायचं की डिव्हाइड?"

सासूबाईंना प्रश्नच समजला नाही. "काय करायचं म्हणजे? रवा घ्यायचाय."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सव्वा एकतीस वाट्या."

"अगं बाई! मग ढवळायला आचारीच बोलवायला हवा," सासूबाई म्हणाल्या. बाहेर बसलेले तिचे बाबा हसले. मीही हसले. उत्तर कुठून आलं ते मला कळलं होतं. दहाचे चाळीस झाले, म्हणजे तीस वाढले, म्हणून तिनं सव्वातही तीस मिळवले. ती मात्र हसली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला म्हणाली, "आई, मला गणित येत नाही. मला फक्त पाढे येतात."

तिला वीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत. मधूनच "सतरा साती?" विचारलं तर पापणी लवायच्या आत ११९ येतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून ते 'वन नाइन्टीन' असं येतं, एवढंच. त्या पाढ्यांचं मला फार कौतुक. पाहुण्यांसमोर म्हणायला लावण्याइतकं कौतुक. आणि आता तीच मला सांगत होती की पाढे वेगळे आणि गणित वेगळं.

तिचं निदान बरोबर होतं. दुखणं मात्र मी लावलेलं होतं.

चौथीत शाब्दिक उदाहरणं वाढली तेव्हा ती अडखळायला लागली. परीक्षा तोंडावर आलेली. मी एका रात्रीत चार रंगांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. 'ऑल्टुगेदर' दिसलं की बेरीज. 'लेफ्ट' दिसलं की वजाबाकी. 'इच' किंवा 'टाइम्स' दिसलं की गुणाकार. 'शेअर' दिसलं की भागाकार. इंजिनियर बाईला शोभेल असा नीटनेटका तक्ता! मार्कही वाढले, म्हणून तो तिथेच राहिला. पाचवीच्या पहिल्या चाचणीत उदाहरण आलं: आंब्यांच्या १५ पेट्या आहेत, प्रत्येक पेटीत २४ आंबे आहेत, तर एकूण आंबे किती? इंग्रजीत 'इच' पण होतं आणि 'ऑल्टुगेदर' पण होतं. तिनं 'ऑल्टुगेदर' धरलं आणि ३९ लिहून मोकळी झाली.

पंधरा पेट्यांत मिळून ३९ आंबे. अहो, दोनच पेट्या उघडल्या तर ४८ होतात. ही मुलगी दर मे महिन्यात पेटीतल्या गवतात हात घालून पिकलेला आंबा हुडकून काढते, तिला पेटी म्हणजे काय ते माहीत नाही असं नाही. पण उदाहरण सोडवताना पेटीकडे बघायचंच नसतं, शब्दाकडे बघायचं असतं, हे तिला माझ्या तक्त्यानं शिकवलं होतं.

हे आमच्याच घरातलं वेड नाही. फ्रान्समध्ये १९८० च्या सुमारास ग्रनोबल इथल्या शिक्षक-संशोधकांनी सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एक प्रश्न घातला होता: बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी दिलेल्या आकड्यांतून काहीतरी उत्तर काढून दाखवलं. मी पुढच्या रविवारी मंडळाच्या खोलीत आपल्या पाचवी ते सातवीच्या मुलांना तोच प्रश्न जरा बदलून विचारला. भरवाडाकडे २६ मेंढ्या, १० शेळ्या, भरवाडाचं वय किती? वह्या गोळा केल्या. जवळजवळ सगळीकडे ३६. एका मुलानं आधी १६ लिहून खोडलं होतं. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "सोळा वर्षांच्या पोराला एवढ्या मेंढ्या कोण देईल? म्हणून छत्तीस केले." मला तो मुलगा फार आवडला. निदान त्यानं भरवाडाचा विचार तरी केला होता. माझ्या लेकीच्या वहीत ३६ होते, खाली दोन रेघा मारून.

त्या दिवशी घरी येऊन तक्ता काढला. फ्रिजवर गोंदाचे चार डाग आहेत, ते अजून जात नाहीत.

तक्त्याच्या जागी काय ठेवायचं हे मला लगेच कळलं नाही. सापडलं ते ऑफिसात. नवीन मुलं प्रोग्रॅम चालवतात आणि पडद्यावर येईल तो आकडा पुढे पाठवून देतात. मी त्यांना नेहमी विचारते, "चालवायच्या आधी सांग, साधारण किती यायला हवं?" रोज परक्या मुलांना विचारते तो प्रश्न पोटच्या पोरीला कधी विचारला नव्हता. म्हणून घरी एवढंच ठरवलं, की उदाहरण वाचल्यावर पेन्सिल उचलायची नाही. आधी काय घडतंय ते सांगायचं, मग उत्तर साधारण केवढं असेल ते सांगायचं. बेरीज की गुणाकार हा शब्द सगळ्यांत शेवटी.

पहिला आठवडा वाईट गेला. "सांग ना कोणतं करायचं, मी पटकन करते," असं म्हणून ती रडायची. आणि खरं सांगते, सांगून टाकावं असं मला दर वेळी वाटायचं. ऑफिसातून सात वाजता आलेल्या बाईला कुकर लावायचा असतो. 'गुणाकार कर' म्हटलं की दोन मिनिटांत सुटका होते.

सुटका केली ती शिऱ्यानंच. तिनं कागदावर दहा डोकी काढली आणि शेजारी एक वाटी, तिच्याजवळ एक चतकोर वाटी. खाली आणखी दहा डोकी, पुन्हा वाटी आणि चतकोर. असे चार गट झाले. मग नुसती बघत बसली. चार वाट्या दिसत होत्या आणि चार चतकोर मिळून पाचवी. "पाच!" ती म्हणाली, आणि लगेच चिडलीच, "एवढंच होतं?"

एवढंच होतं, पण हे 'एवढंच' पाचवी ते सातवीच्या गणिताचा गाभा आहे असं माझं मत झालंय. माणसं तीसनं वाढली हे खरं. पण रव्याला त्या तीसशी देणंघेणं नाही. रव्याला कळतं ते एवढंच, की माणसं चौपट झाली. (गुजरातीत आपण 'चार गणुं' म्हणतो. हिंदीत मात्र चौपट म्हणजे वाटोळं, तेव्हा भोपाळच्या मावशींसमोर जपून.) किती वाढलं आणि किती पट झालं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांपैकी इथे कोणता लागतो, हे उदाहरणातला कोणताही शब्द सांगत नाही. ते शिऱ्याला माहीत असतं.

आणि उलटही होतं. 'पट' एकदा हाताला लागल्यावर ती सगळीकडे पटच लावायला लागली. मी ३५ वर्षांची, ती १० वर्षांची. "तू माझ्या साडेतीनपट," ती म्हणाली. बरोबर. "मग तू वीस वर्षांची होशील तेव्हा मी किती?" झटक्यात उत्तर आलं, "सत्तर!" आणि दुसऱ्याच क्षणी माझ्याकडे बघून दोन्ही हात तोंडावर. ४५ हे तिनं स्वतःच काढलं. वयात वाढ चालते, शिऱ्यात पट चालते. आम्ही मग आठवडाभर हाच खेळ खेळलो. एक शर्ट दोरीवर वाळायला तीन तास लागतात, पाच शर्ट शेजारी शेजारी घातले तर किती तास? रिक्षाला चार किलोमीटरला लागतो तो वेळ आठ किलोमीटरला दुप्पट लागेल का? शर्टाचे तीनच तास. रिक्षाचं उत्तर तिनं दिलं, "मांडवीच्या गर्दीवर आहे." ते मी बरोबर धरलं.

साडेतीनपट ऐकून सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "औटकी शिकवतेयस का तिला?" आमच्या पिढीत हा शब्द फक्त 'औट घटकेचं राज्य' एवढ्यातच उरलाय. औट म्हणजे साडेतीन, आणि घटका म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे ते राज्य ८४ मिनिटांचं. सासूबाईंच्या वडिलांनी दिवेलागणीला परवचा म्हणून घेतलेला. त्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे. सवायकी त्यांनी नातीला म्हणून दाखवली: सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, सव्वासहा, साडेसात. चौथ्या घरावर पाच आले तेव्हा लेकीनं माझ्याकडे बघितलं. शिऱ्याचं उत्तर आजीच्या पाढ्यात आधीपासून बसलेलं होतं. गुजरातीतही हे पाढे होतेच. साडेतीनच्या पाढ्याला तिकडे 'उठां' म्हणतात, आणि 'उठां भणाववां' म्हणजे एखाद्याला बनवणं. साडेतीनच्या पाढ्यात पूर्वी कोण कोणाला कसं बनवत असेल, देव जाणे.

इथे 'जुनं ते सोनं' म्हणायचा मोह होतो, पण सासूबाईंनीच तो मोडून काढला. "पाठ नसलं की छडी होती," त्या म्हणाल्या. "आणि शिऱ्याचं उत्तर मला पाढ्यानं नाही आलं. शंभरदा शिरा केला म्हणून आलं." तरी पाढे नकोतच म्हणणाऱ्यांतली मी नाही. १७ × ७ ला दर वेळी बोटं मोडत बसणाऱ्या मुलाच्या डोक्यात उदाहरणाचा विचार करायला जागा उरत नाही. पाढे हवेतच. फक्त ते पाठ झाले की गुणाकार आला, असं मी धरून चालले होते.

कागदावरच्या गुणाकाराचीही तीच कथा. रविवारच्या वर्गात मी विचारलं, "दोन आकडी संख्येनं गुणताना दुसऱ्या ओळीत आधी फुली का मारायची?" कोणी शून्य मांडतं, कोणी फुली मारतं, पण का, ते एकालाही सांगता येईना. "टीचरनी सांगितलंय." म्हणून २३ × १४ दिलं आणि उभी मांडणी करायची नाही अशी अट घातली. तोंडी करा, कसंही करा. तिघांनी २१२ सांगितलं. वीस दाहे दोनशे, तीन चोक बारा, दोनशे बारा.

ही चूक मला फार मोलाची वाटते, कारण ती विचार करून केलेली चूक आहे. संख्या फोडता येते हे या मुलांना कळलेलं आहे. बेरजेत असंच तर करतो, दशक दशकात आणि एकक एककात. मग गुणाकारात काय बिघडलं? चौकटीच्या वहीवर २३ घरं आडवी आणि १४ घरं उभी असा आयत आखायला सांगितला. आडव्या बाजूला वीस घरांनंतर उभी रेघ, उभ्या बाजूला दहा घरांनंतर आडवी रेघ. आयताचे चार तुकडे झाले. मोठा तुकडा २० × १० चा, म्हणजे २०० घरं. कोपऱ्यातला चिमुकला ३ × ४ चा, १२ घरं. "तुम्ही हे दोन मोजलेत. बाकीचे दोन कुठे गेले?" एका मुलीनं नुसता "अय्या!" केला. उरलेले तुकडे २० × ४ म्हणजे ८० आणि ३ × १० म्हणजे ३०. एकूण ३२२. मग त्याच मुलांनी उभी मांडणी करून पाहिली. पहिल्या ओळीत ९२ आले, ते वरून ८० आणि १२ चे. दुसऱ्या ओळीत २३०, ते २०० आणि ३० चे. दुसरी ओळ दहाच्या पट्ट्याची आहे, म्हणून तिथे शून्य. फुलीचा खुलासा झाला.

पुढच्या रविवारी दिवाळीचा हिशेब निघाला. दीपोत्सवाला पणत्या हव्या होत्या १३५ डझन. एकूण नग किती, ते ज्याला जसं सुचेल तसं काढा, म्हटलं. एकीनं १३५ ची दहापट १३५० आणि दुप्पट २७० मिळवले. एकानं आधी चौपट केली, ५४०, मग त्याची तिप्पट. भरवाडवाल्या मुलानं वीसपट केली, २७००, आणि म्हणाला, "आठपट जास्त झाली, ती वजा करतो." १०८० वजा. माझ्या लेकीनं बाराचे आठ आणि चार केले, १०८० आणि ५४०. सगळ्यांचं उत्तर १६२०. आम्ही फळ्यावर चारही रीती लिहिल्या.

१३५ डझन हा आकडा मी मुद्दाम घेतला होता, पणत्या काही मोजून तेवढ्याच लागणार नव्हत्या. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त गुणाकाराचं पहिलं उदाहरण हेच आहे, १३५ गुणिले १२. ग्रंथ ११५० सालचा. आणि त्यात उत्तर काढायची एकच रीत दिलेली नाही. बाराचे आठ आणि चार करा, तीन आणि चारनं पाठोपाठ गुणा, दहानं गुणून दुप्पट मिळवा, वीसनं गुणून आठपट वजा करा, असं एकाच उदाहरणात सगळं सांगितलेलं आहे. मुलांना सांगितलं तेव्हा क्षणभर वर्ग शांत होता. मग वजाबाकीवाल्यानं विचारलं, "म्हणजे माझी रीत त्यांनी आधीच काढली होती?" त्याच्या आवाजात अभिमान होता की तक्रार, कळलं नाही. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता, आणि तसा शिलालेख तिथे आहे. सुरतेहून भुसावळची गाडी चाळीसगावच्या बाजूनं जात नाही, जळगावला जाते, तेव्हा वाट वाकडी करावी लागेल. तरी मुलांना एकदा घेऊन जायचा विचार आहे.

एवढं सगळं झालं तरी एक जागा अशी निघाली की चित्रातले गट दिसेनात. नवरात्र. लेकीकडे तीन चणिया आणि चार चोळ्या, त्यांतल्या दोन मामेबहिणीकडून आलेल्या. नऊ रात्री रोज वेगळा जोड घालायचा तिचा हट्ट. "सातच होतात, दोन रात्री कमी पडतात," म्हणून ती आणखी दोन चोळ्या मागत होती. मी म्हटलं, मांडून दाखव. पलंगावर कपडे पसरले. लाल चणिया घेतला तर त्यावर चार चोळ्या चालतात. हिरव्यावर चार. निळ्यावर चार. बारा जोड! तीन रात्री वर उरल्या. खरेदी टळली, त्याबद्दल ती आठवडाभर हळहळत होती. पण गुणाकार म्हणजे तेच तेच मिळवत जाणं एवढंच नव्हे, तो जोड्या मोजायचीही रीत आहे, हे कपड्यांच्या ढिगात कळलं ते वहीत कळलं नसतं. दोन ओढण्या धरल्या तर चोवीस, हे तिनं आपणहून सांगितलं. मग म्हणाली, "पण हिरव्यावर ती गुलाबी चोळी मी मरेन तरी घालणार नाही." म्हणजे एक जोड वजा, ओढण्या धरल्या तर दोन. उदाहरणात हेही यायला हवं.

मोठ्या मुलांची अडचण वेगळी. सातवीतल्या एकाला मी विचारलं, टोमॅटो ८० रुपये किलो, तर पाऊण किलोचे किती? त्यानं ८० ला ०.७५ नं भागलं. उत्तर १०६ रुपये ६७ पैसे. "पाऊण किलो किलोपेक्षा महाग?" तो गोंधळला. "पण उत्तर कमी यायला हवं म्हणून तर भागलं. गुणलं की वाढतं ना?" उत्तर कमी यायला हवं हा त्याचा अंदाज अगदी बरोबर होता. चुकीची होती ती चौथीपासून मनात बसलेली समजूत. एफ्राइम फिशबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली या समजुतीवर लिहिलेला लेख गणित शिकवणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. पूर्ण संख्यांवर वाढलेल्या मुलांना गुणाकारानं वाढतं आणि भागाकारानं घटतं असं वाटायला लागतं, आणि ते मोठेपणीही सुटत नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? पहिली पाच वर्षं आपण दाखवलेल्या जवळजवळ प्रत्येक गुणाकारात वाढतच तर होतं.

मी त्या मुलाला खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्या माशींची रीत सांगितली. अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस, पोणो किलोचे साठ. कुठेही ०.७५ नाही. मग विचारलं, दोन किलो म्हणजे किलोच्या भावाची किती पट? दुप्पट. एक किलो? एकपट. पाऊण किलो? तो थांबला आणि म्हणाला, "पाऊणपट. असं म्हणतात का?" म्हणत नसतील तर म्हणायला लागू. एकाहून लहान पट घेतली तर मूळ वस्तूपेक्षा कमीच येणार, आणि तोही गुणाकारच. पाऊणकी म्हणणाऱ्या मुलांचा पाऊण दाहे साडेसात हा रोजचा परवचा होता, त्यांना गुणून कमी आल्याचं एवढं नवल वाटत नसावं, असा माझा आपला अंदाज. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आम्हाला कशाचंच नवल वाटायला वेळ नव्हता."

आता मार्कांचं. वाचकांपैकी दोघीतिघींनी फोनवर विचारलंच होतं, म्हणून सांगते. सहामाहीत फार फरक पडला नाही. शाब्दिक उदाहरणं जेवढी केली तेवढी सगळी बरोबर आली, पण शेवटची दोन राहून गेली, कारण बाई चित्रं काढत बसल्या होत्या. घरी यावरून थोडं झालं. तिचे बाबा म्हणाले, पूर्वीचा तक्ता काय वाईट होता? मला चटकन उत्तर देता आलं नाही. वेग येईल असं मी म्हटलं, पण कधी येईल ते मला सांगता येणार नाही. परीक्षा मात्र मार्चमध्ये आहे.

गेल्या रविवारी मी वर्गात पुन्हा एक फसवा प्रश्न घातला. एका बसमध्ये १२ रांगा, प्रत्येक रांगेत ४ जण, तर ड्रायव्हर किती वर्षांचा? दोघांनी ४८ लिहिलं आणि मग इकडेतिकडे बघून खोडलं. माझ्या लेकीनं बस काढली, रांगा काढल्या, ड्रायव्हरला मिशा काढल्या आणि खाली लिहिलं: 'प्रवासी ४८. ड्रायव्हरचं सांगता येत नाही.'

घरी येताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "आई, पेपरात 'सांगता येत नाही' असं लिहिलं तर मार्क देतात?"

मी म्हटलं, शाळेत विचारून सांगते. अजून विचारलेलं नाही.